फलकावरचे प्रेरणास्थान आणि बागेतला गुरू

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावात प्रवेश करताना आज प्रथम दर्शन घडते ते फलकांचे. निवडणूक असो वा नसो, कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच, आणि ज्याचा तो असतो तो ‘युवकांचे प्रेरणास्थान’ असल्याची ग्वाही त्या फलकावर ठसठशीत अक्षरांत दिलेली असते. त्या अक्षरांखाली शुभेच्छुक म्हणून ज्या वीसपंचवीस तरुणांची छायाचित्रे छापलेली असतात, त्यांच्यातील कित्येकांना काम नाही, कित्येकांचे शिक्षण मध्येच सुटलेले आहे. ज्याला ते प्रेरणास्थान म्हणतात त्याने त्यांच्यापैकी एकाच्या तरी हाती कधी पुस्तक दिले काय, असा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. दुसरीकडे शहरांत तिकिटे लावून प्रेरणेची व्याख्याने होतात, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर यशाची सूत्रे मिनिटामिनिटाला वाटली जातात आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत गेल्या वर्षीच्या यशस्वी उमेदवारांचे चेहरे या वर्षीच्या ग्राहकांना खुणावत असतात. प्रेरणेचा असा सुकाळ या राज्याने पूर्वी पाहिला नसेल. दुष्काळ आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो ओळखावयाचा तर एका बागेपासून सुरुवात करावी लागते.

मुंबईत चर्नी रोड स्थानकाजवळ एक बाग आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा एक मुलगा शाळा सुटल्यावर तेथे येऊन वाचीत बसे. परळच्या चाळीतील एका खोलीत त्याचे सारे कुटुंब राहत होते, तेव्हा वाचण्यास दुसरी निवांत जागा नव्हती. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधील एक शिक्षक संध्याकाळी येत असत. इतर मुले खेळत असता हा एकटा वाचीत बसतो हे त्यांच्या नजरेस आले, त्यांनी त्याची चौकशी केली आणि त्याला पुस्तके देण्यास प्रारंभ केला. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर आणि ते शिक्षक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर. वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावी १८६० साली जन्मलेले केळुसकर हे शिवाजी महाराजांचे आणि गौतम बुद्धाचे मराठी चरित्रकार म्हणून अभ्यासकांना ठाऊक आहेत. परंतु त्या बाकावर त्यांनी जे केले त्याची गणना वाङ्मयाच्या इतिहासात होत नाही, आणि शिक्षणाच्या इतिहासातही ती व्हावी तेवढी झालेली नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण, म्हणजे शेकडा साडेसदतीसच्या आसपास. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी हीच त्या काळी असामान्य गोष्ट होती, म्हणून लोकांनी सत्काराची सभा घेण्याचे ठरविले. वडील सुभेदार रामजी यांना ते रुचले नाही. मुलाने एक परीक्षा तेवढी दिली आहे, एवढ्यावर त्याचा गौरव केला तर त्याच्या डोक्यात वारे शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी मंडळींनी दादा केळुसकरांना मध्यस्थ घातले आणि सुभेदारांनी होकार दिला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ६ एप्रिल १९५६ रोजी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. १९५७ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही, हे ग्रंथव्यवहारातील एक दुर्दैवच म्हटले पाहिजे. त्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधल्या एकोणपन्नास वर्षांत त्या पुस्तकाने त्या वाचकाच्या मनात काय काय केले याचा हिशेब कोणत्याही मूल्यमापनपत्रिकेत बसणारा नाही.

त्याच सभेचे अध्यक्ष होते भंडारी समाजातील सुधारक सीताराम केशव बोले. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडणारे ते हेच बोले. या ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, ते कागदावरच राहिले, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले. सत्कारसभेत ज्याच्या पाठीवर हात ठेवला त्याच्या लढ्याला लागणारे कायद्याचे हत्यार सोळा वर्षांनी त्याच माणसाने सभागृहात घडवावे, यात योगायोगाचा भाग थोडा आहे. त्या पिढीतील सुधारकांना शाळेतील मुलगा, सभागृहातील ठराव आणि रस्त्यावरील चळवळ या तीन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या.

इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा केळुसकर पुन्हा पुढे झाले. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्यांस साहाय्य करण्याची इच्छा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मुंबईच्या एका सभेत व्यक्त केली होती. ती शब्दशः खरी मानून केळुसकर या विद्यार्थ्याला घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजातील म्युलर नावाचे प्राध्यापक पुस्तके आणि कपडेही देत. त्याच कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक मात्र या विद्यार्थ्याला चहा काय, पाणीही देत नसे. १९१३ साली महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची होती.

या कथेतील एक पात्र नेहमी अंधारात राहते. मुलाला पुस्तक हवे असे, आणि सुभेदारांच्या हाती पैसा नसे, तेव्हा ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन आले म्हणजे सोडवीत. भीमरावांच्या ग्रंथसंग्रहातील पहिली पुस्तके अशी बहिणींच्या दागिन्यांवर उभी आहेत. त्या बहिणींसाठी कोणी महाराजांकडे रदबदली केली नाही, आणि त्या वयाची मुलगी संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत एकटी वाचीत बसली असती तर कोणा भल्या शिक्षकाची नजर तिच्यावर पडण्याआधी दुसऱ्या अनेक नजरा पडल्या असत्या. गुरू भेटण्यासाठी आधी सार्वजनिक जागेत निर्धास्तपणे बसता आले पाहिजे, हे सत्य चरित्रकारांच्या ध्यानात सहसा येत नाही.

१९१७ साली बडोद्यास जे घडले ते तर या साऱ्या सद्भावनेची कसोटीच होती. कोलंबियाचा पदवीधर, महाराजांचा स्वतःचा शिष्य, संस्थानात नोकरीवर रुजू झाला आणि कचेरीतील शिपाई त्याच्या टेबलावर लांबून कागद फेकू लागले. राहावयास घर मिळेना. केळुसकरांनी येथेही खटपट केली. बडोद्यातील एका परिचित प्राध्यापकाला त्यांनी लिहिले आणि त्याने जागा देण्याचे कबूलही केले, परंतु आंबेडकर बडोदा स्थानकावर उतरताच पत्नीची संमती नसल्याची चिठ्ठी त्यांच्या हाती पडली. पारशी विश्रांतिगृहातून त्यांना हुसकावून लावण्यात आले. महाराजांचे औदार्य खरे होते, केळुसकरांची आस्थाही खरी होती. त्या दोघांना मिळूनही बडोदे शहरात या तरुणाला एक खोली देता आली नाही. व्यक्तीच्या सज्जनपणाची सीमा कोठे संपते आणि समाजरचना बदलण्याचे काम कोठे सुरू होते, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. सुदैवाने सयाजीराव महाराजांना ही सीमा ठाऊक असावी, कारण एकेका होतकरू मुलाला मदत करण्यावर ते थांबले नव्हते. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले तेही याच जाणिवेतून.

कोलंबियात जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन असे दोन मोठे अध्यापक आंबेडकरांना लाभले. १९५२ साली मानद पदवी स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले असता १ जून रोजी ड्यूई निवर्तले, आणि आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे श्रेय बाबासाहेबांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात या गुरूला दिले. सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे जाणकार. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील आंबेडकरांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला सेलिग्मन यांचे प्राक्कथन होते आणि अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे होती, शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दलच्या कृतज्ञतेपोटी.

परंतु गुरुशिष्य नात्याचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा असेल तर लंडनकडे वळावे लागते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अध्यापक एडविन कॅनन हे आपल्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांखेरीज कोणाच्या फारशा परिचयाचे नाहीत. १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे आंबेडकरांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, तेव्हा चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने त्यांना दिली ती कॅनन यांच्या शिफारशीने. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठविलेला पैसा, नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० साली ते लंडनला परतले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहून द्यावा लागला. १९२३ च्या अखेरीस डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो ग्रंथ निघाला.

या ग्रंथात आंबेडकर सुवर्ण विनिमय परिमाणाच्या विरुद्ध उभे राहिले. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात ज्या व्यवस्थेची भलावण केली होती, तीच व्यवस्था सरकारच्या हाती रुपया मनास येईल तसा फुगविण्याची सत्ता देते, चलन वाढले की किमती वाढतात आणि तो भार अखेर ज्यांचे उत्पन्न ठरीव आहे अशा गरिबांवर पडतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. (हल्ली रिझर्व्ह बँकेची सारी कल्पनाच या ग्रंथातून निघाली असे सांगण्याची चढाओढ चालते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी दिलेली साक्ष महत्त्वाची आहेच, तथापि तिचे मोल सांगण्यासाठी इतिहासाला ताण देण्याची गरज नाही.) या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली कॅनन यांनी, आणि तीत त्यांनी उघडपणे सांगितले की या व्यवस्थेविषयी लेखकाला वाटणारा विरोध आपल्याला वाटत नाही आणि त्याच्या बहुतेक युक्तिवादांशीही आपण सहमत नाही. मात्र लेखकाचे काही घाव अगदी वर्मी बसले आहेत आणि तो जेथे चुकला आहे असे वाटते तेथेही त्याच्या विचारांत उत्साह देणारा ताजेपणा आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. स्वतंत्र बुद्धीचे विद्यार्थी कडक तपासणीला दाद न देता आपल्याच वाटेने जातात आणि म्हातारा अध्यापक ते सोसावयास शिकतो, अशा आशयाचे एक मिस्कील वाक्यही तेथे आहे.

आपल्या विद्यापीठांत गेल्या कित्येक दशकांत किती मार्गदर्शकांनी आपल्या मताविरुद्ध गेलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, याचा शोध संशोधनाच्या निधीतून एकदा घेण्यासारखा आहे. मार्गदर्शकाच्या मताचा प्रतिध्वनी म्हणजे प्रबंध आणि त्याच्या घरची कामे म्हणजे शिष्यत्व, अशी समजूत जेथे रुजली तेथे कॅननही निपजत नाहीत आणि आंबेडकरही.

आदर्श आणि भक्ती यांतील हा भेद बाबासाहेबांनी स्वतः पुण्यात सांगितला आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या एकशे एकाव्या जयंतीच्या निमित्ताने गोखले हॉलमध्ये केलेल्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार मानले. एकात माणूस मोठ्या पुरुषाविषयी आदर बाळगतो, परंतु त्याची विचारशक्ती आणि कृतीचे स्वातंत्र्य शाबूत राहते. दुसऱ्यात तो सर्वस्वी त्याच्या आज्ञेत जातो आणि स्वतःची बुद्धी गमावून बसतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे त्यांनी हाच इशारा अधिक स्पष्ट शब्दांत दिला की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणात ती अधःपात आणि हुकूमशाहीकडे नेते. असा इशारा देणाऱ्या माणसानेच बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असे १९५४ मध्ये जाहीर केले. या तिघांपैकी एकालाही त्यांनी पाहिले नव्हते. जोतीराव फुले तर त्यांच्या जन्मापूर्वीच, १८९० मध्ये, निवर्तले होते. दूरचा गुरू पुस्तकातून भेटतो, आणि ते पुस्तक हाती ठेवणारा जवळचा माणूस लागतो. बुद्ध आणि परळचा विद्यार्थी यांच्यामध्ये एक केळुसकर असावा लागला.

आता आजच्या परिस्थितीकडे पाहावे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमलेले असंख्य अध्यापक दोनदोन, तीनतीन महाविद्यालयांत धावत शिकवीत आहेत. तासाचा मोबदला घेणाऱ्या आणि पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसणाऱ्या माणसाने तास संपल्यावर बाकावर बसून एखाद्या मुलाची चौकशी करावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? केळुसकर बागेत जात ते निवांत मनाने, कारण त्यांची नोकरी दर सहा महिन्यांनी नव्याने सुरू होत नव्हती. वेळ ही आर्थिक वस्तू आहे. ज्याच्याजवळ ती नाही तो दुसऱ्याला देणार कोठून? एकीकडे पदे रिकामी ठेवावयाची आणि दुसरीकडे नॅकच्या मूल्यांकनासाठी एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी याचे गुणोत्तर मागावयाचे, असा हा कारभार आहे. त्यामुळे महाविद्यालयांत तक्ते तयार होतात, सह्या होतात, धारिका जपून ठेवल्या जातात. ज्या मुलाचे नाव तक्त्यात असते त्याला आपला मार्गदर्शक कोण हे ठाऊक असतेच असे नाही.

शिष्यवृत्तीची कथा याहून करुण आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४२ च्या आपल्या निवेदनात त्यांनी ही मागणी लावून धरली होती. महाराजांच्या मर्जीवर जे अवलंबून होते ते त्यांनी हक्कात परिवर्तित केले. आज ती रक्कम परीक्षा होऊन गेल्यावर हाती पडते अशी विद्यार्थ्यांची तक्रार दर वर्षी असते, तोवर महाविद्यालय शुल्कासाठी अडवून धरते, आणि मुलगा किंवा मुलगी गावी परत जाते. २०२४ मध्ये राज्याच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी किमान ७५ टक्के गुणांची अट पुढे आली तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि तो उठवावयासच हवा होता. त्या काळी परीक्षक हात आखडून गुण देत हे मान्य करूनही, ७५० पैकी २८२ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज असल्या नियमाच्या खिडकीवर कोणी हातीही धरला नसता. सयाजीराव महाराजांनी गुणपत्रिका पाहिली असेल वा नसेल, त्यांनी मुलाशी बोलून पाहिले एवढे निश्चित.

आणि समाजवाद्यांनी आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली, तेव्हापासून दोन पिढ्यांना संध्याकाळच्या शाखेवर कोणी तरी वडीलधारे भेटत राहिले. कोणी गाणे शिकविले, कोणी शिबिरात नेले, कोणी परीक्षेची फी भरली. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांसाठी साने गुरुजी रोज हाताने दैनिक लिहून काढीत. मुले झोपेतून उठत तेव्हा ते तयार असे. अशी माणसे चळवळीच्या अहवालांतून दिसत नाहीत, परंतु चळवळ टिकली ती त्यांच्यावर. पुढे फुटी आणि विलीनीकरणे यांच्या चर्चेत पक्षाच्या बैठका रात्र रात्र चालल्या आणि शाखेवर जाणारे शिक्षक एकेक करून थकले. त्यांच्या जागी नवे पाठविण्याचे कोणाला सुचले नाही. ज्या मैदानांवरून सेवा दलाच्या शाखा उठल्या ती मैदाने मोकळी राहिली नाहीत. तेथे आता दुसरे कोणी मुलांना कवायत शिकविते आणि गुरू कोण हेही तेच सांगते. तरुण फलकामागे गेले याचा दोष तरुणांना देणे सोपे आहे. पाठीवर हात ठेवणारा दुसरा कोणी त्यांना भेटला नाही, याची जबाबदारी घेणे तितके सोपे नाही.

बाबासाहेबांनी मात्र आपल्या वाट्याला आलेले ऋण फेडण्यासाठी फलक लावले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय असा त्यांचा क्रम होता. मिलिंदच्या परिसरात मराठवाड्यातील खेड्यांतून आलेली मुले वसतिगृहात राहिली, ग्रंथालयात बसली, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले आणि ‘अस्मितादर्श’मधून दलित साहित्याची एक पिढी लिहिती झाली. एका केळुसकराची वाट पाहावी लागू नये म्हणून काय उभे करावे लागते, याचे उत्तर तेथे विटामातीत आहे.

विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात शिक्षण खात्याच्या मागण्यांवर चर्चा होईल. रिक्त पदे कायम स्वरूपात केव्हा भरणार, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता सत्राच्या प्रारंभी देण्यास अडचण कोणती, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील गावोगावच्या वाचनालयांना अनुदान वेळेवर का मिळत नाही, मुलींच्या वसतिगृहांना तालुक्याच्या गावी जागा का मिळत नाही, हे चार प्रश्न कोणत्याही सदस्याला विचारता येतील. बडोद्याचे २५ रुपये दरमहा येत असत, हे खातेप्रमुखांच्या निदर्शनास आणून देण्यासही हरकत नाही.